गेनबाच्या भट्टीसाठी मागणारा

गेनबाने मला फसवलं. रहाटणीला नदीकाठी आमची भागीत विटांची भट्टी होती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या विटांचं काम मी चपला झिजवून जमवलं आणि गेनबाने साहेबाला गाठून ते एकट्याच्या नावावर करून घेतलं. हे आधी सांगतो, कारण ज्या माणसाविषयी लिहायला बसलोय, त्याने ही साधी गोष्ट कधी मनावर घेतली नाही.

भागी मोडून मी घातलेल्या नव्या भट्टीवर तो विटा रचायचा. नगरकडचा ख्रिस्ती. पेटवायच्या आधी मी नारळ फोडला की तो मुंडासं काढून हातात धरायचा आणि डोळे मिटून मोठ्यांदा मागायचा. आधी माझी भट्टी नीट भाजू दे. मग, "गेनबाची पण भाजू दे, प्रभू."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली नारळाची कवड मी नदीत भिरकावली. "माझ्या भट्टीपुढं उभा राहून त्या चोराचं मागतोस?"

"मागायला काय जातंय, मालक?"

हे माझंच वाक्य. बाजारात भाव पाडताना मी हेच म्हणायचो.

मग मी सौदा करून पाहिला. "मनातल्या मनात माग." नाही. "बरं, वर्षातून एकदा, नाताळला." नाही. गडी त्याला छळायचे. "गेनबाच्या विटा बघ कशा लाल निघाल्या! आपल्या कच्च्या. तुझ्या देवाचा पत्ता चुकला काय, राव?" त्या खेपेला खरंच अर्धी भट्टी कच्ची राहिली होती. मी त्याला हाकललाच असता. पण तसा रचणारा दुसरा मिळेना.

शेवटी खडकीच्या पाद्रीबाबांकडे मीच गाऱ्हाणं नेलं. ते येऊन त्याला म्हणाले, "अरे, एकदा सांगितलंस ना? देवाला ऐकू येतं."

"देवाला येतं, बाबा. माझंच मन ऐकत नाही अजून."

मला काही उलगडेना. त्याच्या बायकोने सांगितलं. मी भागी मोडली तेव्हा हा माझ्याबरोबर निघाला, म्हणून गेनबाने त्याच दिवशी जुन्या भट्टीवरची त्यांची झोपडी पाडली. तान्ही पोर उघड्यावर तापाने गेली. "मीपण म्हणते, त्याचं नाव सोडा. ऐकत न्हाईत."

दोन वर्षं मी या माणसाला माझं गाऱ्हाणं ऐकवत होतो.

पुढे छातीचं दुखणं घेऊन तो गावी गेला आणि तिकडेच वारला. नंतरची भट्टी रचून झाली, नारळ फुटला, पण गडी काडी ओढेनात. छळणारे तेच, माझ्याकडे बघत उभे.

"मालक, गेनबाचं राहिलं."

मी आरडाओरडा केला. मग टोपी काढली आणि दातओठ खात ते वाक्य म्हणालो. तेव्हापासून दर भट्टीला म्हणतोय. हल्ली दातओठ खायचंही विसरायला होतं.

गेनबाने काम नेलं. धंदा आहे, समजू शकतो. पण माझा राग मी स्वतः कमावलेला होता, जपून ठेवला होता. तो या माणसाने न विचारता नेला आणि निघून गेला. आता त्याच्या प्रभूने मला याचा जाब द्यावा. मागायला काय जातंय?