पारध्यांच्या घरची प्रार्थना

काचीगुड्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत संदेश पारध्यांच्या प्रार्थनेला मोठा मान होता. कुणाच्या पोराची परीक्षा असो की कुणाची नवी स्कूटर आलेली असो, बोलावणं पारध्यांनाच. दिवसभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात खोकी उतरवून घेणारा हा माणूस डोळे मिटून बोलू लागला, की पुढ्यातला चहा निवला तरी कुणी कुरकुरत नसे. याचा त्यांना जरा गर्वही होता. गर्व नको म्हणून ते वेगळी प्रार्थना करायचे, आणि तीही सुरेख व्हायची.

घरचा नेम तर कडक. जेवणाआधी टीव्ही बंद, फोन पालथे, आणि बायको सुजाता, लेक शिल्पा, मग ते स्वतः, अशी प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. जालन्याहून नोकरीसाठी आलेल्या त्यांच्या वडिलांनी हा नेम घालून दिला होता. विश्वास घरातच लोणच्यासारखा मुरावा लागतो, असं पारध्यांचं मत होतं.

शिल्पा विद्यानगरच्या कॉलेजात जायची. एका संध्याकाळी तिला घरी आणताना सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा ती मागून म्हणाली, "पप्पा, कुणाला सांगू नका हां. प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही. भिंतीशी बोलतेय असं वाटतं."

पारधे घाबरले. "होईल बेटा, नीट होईल," एवढंच ते कसंबसं म्हणाले. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि पुढे काही बोलावं लागलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं.

रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्या चतुराबाईंच्या घरी प्रार्थनासभा होती. खोली माणसांनी भरलेली. नेहमीप्रमाणे शेवटची प्रार्थना पारध्यांकडे आली. रोग्यांसाठी मागून झालं, प्रवाशांसाठी मागून झालं, आणि बोलण्याच्या ओघात ते बोलून गेले, "बापा, माझ्याच घरातला दिवा विझायला लागलाय. माझी लेक म्हणते, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तिला सोडू नकोस, प्रभू." त्यांचा गळा दाटून आला. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. आज प्रार्थना फार छान झाली, असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले, तर सगळी खोली शिल्पाकडे बघत होती.

चतुराबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. "घाबरू नक्को बेटी, सैतान असाच येतो," म्हणाल्या. एकीने तिला पाठ करायला बायबलमधलं एक वचन सांगितलं, दुसरीने उपास सुचवला, तिसरीने बशीत आणखी दोन भजी वाढली. शिल्पा प्रत्येकीला "हौ आंटी" म्हणत हसत राहिली. बापाकडे तिने पाहिलंही नाही, आणि घरी येताना ती त्यांच्या स्कूटरवर न बसता आईबरोबर ऑटोत बसली.

घरी आल्यावर सुजाता ताटं घेता घेता हळूच म्हणाली, "देवाला सांगायचं होतं तर मनात सांगायचं होतं. त्याला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवसापासून शिल्पा फर्डी प्रार्थना करू लागली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात, मग रोगी, मग प्रवासी, आणि शेवटाकडे आवाज किंचित दाटलेला. शब्द पारध्यांचे, थांबणंही पारध्यांचं. ही गोष्ट मंडळीत पोचली आणि प्रार्थना फळाला आली म्हणून चतुराबाईंनी लाडू पाठवले. पारध्यांच्या घशाखाली लाडू उतरेना. लेकीच्या तोंडून रोज आपलीच प्रार्थना ऐकताना त्यांना कळत होतं, की यात तिचं काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे, यात त्यांचंही फारसं काही नव्हतं. गेली कित्येक वर्षं तेही भिंतीशीच बोलत होते. सिग्नलला ते घाबरले, ते शिल्पाने त्यांच्याच मनातलं बोलून दाखवलं म्हणून. त्यांनी मात्र आपलं झाकून ठेवलं आणि पोरीचं चारचौघांत मांडलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की मिटलेल्या डोळ्यांआडसुद्धा तोंड लपवावंसं वाटलं.

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी जेवणाआधी शिल्पाची प्रार्थना संपली आणि त्यांची पाळी आली. "हे प्रभू" म्हणून ते थांबले. पुढचं सगळं तोंडपाठ होतं, पण बोलवेना. त्यांनी डोळे उघडले.

"शिल्पा," ते म्हणाले, "ही प्रार्थना नाही. तुलाच सांगतोय. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते चव्हाट्यावर आणलं. चुकलो मी. आणि ते भिंतीचं... मलाही तसंच वाटतं गं."

सुजाताने मान वर केली. शिल्पाने डोळे उघडले आणि रविवारनंतर पहिल्यांदा बापाकडे सरळ पाहिलं.

"कधीपासून, पप्पा?" तिने विचारलं.

पारधे सांगू लागले. वडील गेले तेव्हापासूनचं, अडखळत, मागेपुढे करत, एकही वाक्य धड पुरं न करता. शिल्पा मध्येमध्ये विचारत होती, ते सांगत होते. त्या दिवशी आमेन म्हणायचं राहूनच गेलं.