पट्टेरी कोकिळेची भुवई

पत्र टाईप होऊन विभागप्रमुख साहेबांच्या सहीला गेलं होतं, तेव्हा सावंतांनी मला आपल्या खोलीत बोलावलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. मोर्चामुळे ट्राम बंद असली की मी गिरगावातून चालत फोर्टातल्या संग्रहालयात जायचे. पक्षिविभागात असिस्टंट होते, प्रोबेशनवर. एका फॉरेस्ट ऑफिसरने आंबोली घाटाच्या उतारावरचा एक पक्षी ओळखायला पाठवला होता. पक्षी म्हणजे स्किन. आतलं मांस काढून, कापूस भरून शिवलेलं कातडं. तांबूस पाठ, अंगभर बारीक काळे पट्टे. मी ठरवलं, ही प्लेन्टिव्ह ककूची मादी. त्या कोकिळेच्या काही माद्या अशाच तांबूस, पट्टेरी असतात. आमचं उत्तराचं पत्र गेलं की ते त्यांच्या यादीत छापलं जाणार होतं.

सावंत आमचे टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे अशी कातडी भरून शिवणारे. राहायला लालबागला, गाव आंबोलीच्या पायथ्याशी. त्यांनी बेन्झीनच्या बोळ्याने स्किन पुसली होती आणि डोक्यावरचा तेलकट मळ निघाला होता.

"बाई, हेच्या डोळ्यावर पांढरी भुवय आसा," ते हळूच म्हणाले. "तुमच्या पक्ष्याक ती नसता."

हा पक्षी गावच्या रानात कसा ओरडतो, तेही त्यांनी चार शिट्ट्या घालून ऐकवलं. मी ड्रॉवरमधल्या जुन्या स्किन्स काढल्या. पांढरी भुवई, तिच्याखाली डोळ्यामागे गडद डाग. हा बे-बँडेड ककू होता, दाट जंगलातली वेगळीच कोकीळ.

स्किन घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चूक सांगितली. ती कोणी पकडली, असं त्यांनी विचारलं. मी सावंतांचं नाव घेतलं.

साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग पत्र फाडलं.

"लेबलवर ओळखणाऱ्याचं नाव लागतं," ते म्हणाले. "सावंतांचं लिहा."

सावंतांनी तोवर शेकडो पक्षी शिवले होते, पण एकाही लेबलवर त्यांचं नाव नव्हतं. मी लिहिलेलं लेबल त्यांनी हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि पक्ष्याच्या पायाला बांधलं.

पुढे मी नोकरीत कायम झाले. सावंत त्या दिवशी गप्प बसले असते, तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. माझं मात्र बिघडलं असतं. त्यांचे ते उपकार मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुठलाही पक्षी मी आधी पुसून घेते आणि मगच पुस्तक उघडते.