वंशावळीत नसलेल्या बायका

आमच्या घरी किस्से शोधावे लागत नाहीत. चार मोठी माणसं एका जागी बसली की तणासारखे उगवतात. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली, आता एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे. त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही, मला मात्र सगळं ऐकू येतं. हे ताईच्या दुखण्यातले. ताई आता ठणठणीत आहे, म्हणून सांगतोय.

*

चौतिसाव्या वर्षी ताईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन बराबर झालं. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतक्या कमी वयात म्हणजे घराण्यातून आलेलं असू शकतं. तीन पिढ्यांत कुणाला काय झालं, लिहून आणा."

मोठ्या काकांनी ऐटीत पेटीतून वंशावळ काढली. चौदा पिढ्या. एकही बाई नाही.

मी विचारलं, "काका, बायका कुठायत?"

"त्या लग्न होऊन जात्यात. त्यांचं काय लिहायचं?"

"मंग ह्या चौदा पिढ्या जन्माला कुणी घातल्या?"

काकांनी पेटी बंद केली.

*

आजी कशानं गेली? बाबा म्हणाले, वारं लागलं. काका म्हणाले, नजर.

आत्या म्हणाली, "छातीला गाठ होती. पदराआड झाकून दोन वर्षं भाकरी थापली तिनं. तुझ्या बापाला सांगायची तिला लाज, अन् विचारायची त्याला."

*

त्याच आठवड्यात बाबांनी बैल बघितला. विकणाऱ्याला बैलाची आई विचारली, आईची आई विचारली.

मी म्हटलं, "बैलाच्या आजीची चौकशी केली. स्वतःच्या आईची कधी केली न्हाई."

"बैल विकत घ्यायचाय," बाबा म्हणाले.

*

ताईच्या रक्तात जीनमधला बदल सापडला. काका म्हणाले, "तुझ्या आईच्या माहेरचं असंल. आमच्यात असलं बिलकुल न्हाई."

आईचं रक्त तपासलं, तिच्यात तो नव्हता. बाबांचं तपासलं, त्यांच्यात निघाला.

बाबा दोन दिवस शेतातच राहिले. तिसऱ्या दिवशी ताईजवळ बसून मोसंबी सोलायला लागले.

ताई म्हणाली, "बाबा, शेत सगळं भावाला, अन् मला वाटणीत हे?"

बाबा रडता रडता हसले. पहिल्यांदाच बघितलं मी.

*

डॉक्टरीणबाईंनी चुलत बहिणींनाही तपासायला सांगितलं होतं. बदल असला तर दरवर्षी तपासणी करता येते, गाठ लवकर सापडते. काकांची सुमन तयार होती. काका म्हणाले, "आधी लग्न. मंग सासरचे बघतील."

परतूरचे पाहुणे बघायला आले. पत्रिका जुळली होती. सुमननं पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि उभ्या उभ्या सांगितलं, "माझी आजी कॅन्सरनं गेली. ताईला झाल्ता. मला तपासून घ्यायचंय. हे धरून पसंत असंल तर सांगा."

काकांनी डोळेच मिटले.

मुलाची आई पदर छातीशी घट्ट धरून उठली. "तुमची ताई कुठंय?"

ताईला घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. आतून कडी लागली. बाहेर पोहे गार झाले, काकांचं हवापाण्यावरचं बोलणंही संपलं.

तासाभरानं त्या बाई बाहेर आल्या. काकांनी हात जोडले. "मंग... पोरगी पसंत?"

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मुंबईची तिकिटं काढा. सुमनचं अन् माझं."