आजूर म्हणजे जानेवारी नव्हे

१. आरोग्य-सांख्यिकीच्या असाइनमेंटसाठी आमच्या गटाने परंड्याकडच्या एका गावाची १९४०च्या दशकातली, निजामकाळची मृत्यूनोंदवही घेतली.

२. नोंदी फसली सनाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेच्या आहेत. त्याचा पहिला महिना, आजूर, ऑक्टोबरात सुरू होतो. गटातल्या महेशने तो जानेवारी धरला.

३. त्यामुळे उन्हाळ्यातले कॉलऱ्याचे मृत्यू आलेखात पावसाळ्यात गेले.

आज दुपारी मी चूक दाखवली.

"लई शहाणी हायस! मेलेली माणसं तक्रार करायला येणार न्हाईत. सबमिट कर," महेश म्हणाला. बाकीचे दोघे हसले.

विहिरी तळाला गेल्यावर माणसं मेली, आणि आमचा आलेख दोष पावसाला देतो. त्या खोट्या निष्कर्षाखाली माझंही नाव आहे.

गटातल्या तिघांनीही शुक्रवारपर्यंत इथंच, वर्गाच्या ग्रुपवर लिहा: महिने दुरुस्त करताय, की माझं नाव काढताय?