फेर्मिनाचं गोड झाड

फेर्मिनाचं लग्न सिरीलोशी झालं खरं, पण तिचा जीव एका एन्सिनाच्या, म्हणजे ओकच्या जातीच्या, झाडात, असं आमचं अख्खं गाव म्हणायचं. म्हणेना का! उपासमारीच्या वर्षांत गावात भाकरीचा तुकडा दिसत नव्हता. तेव्हा रानाच्या धन्याच्या डुकरांसाठी राखलेल्या बेयोता, म्हणजे एन्सिनाची फळं, तिची आई त्याच झाडाखालून ओच्यात लपवून आणायची. पकडली गेली की मार खायची, पुन्हा जायची. ती फळं निखाऱ्यात भाजून तिने पोरं जगवली. रानातल्या बाकी झाडांची फळं कडू, या एकाची गोड. पुढे ते रान सिरीलोने विकत घेतलं, तेव्हा डुकरं त्या झाडाजवळ फिरकली तरी फेर्मिना काठी घेऊन धावायची.

आता ती म्हातारी झाली आणि झाड वरून वाळायला लागलं. तिने गाढवावर पाण्याच्या घागरी लादल्या आणि भर उन्हाळ्यात रोज फेऱ्या सुरू केल्या. पावसावर जगणाऱ्या एन्सिनाला कुणी पाणी घालतं का? लोक हसले. सिरीलोही हसला.

"तहान मलाही लागते गं."

"तू काय गोड फळं देतोस होय?"

दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मं झाड करपलं, तेव्हा सिरीलोचं हसू आटलं. तालुक्याच्या गावी जाऊन त्याने वनखात्याच्या साहेबाला गाठलं आणि झाडाची एक मुळी काढून नेली होती ती दाखवली.

"मुळं कुजलीत, आजोबा," साहेब म्हणाला. "हा रोग मातीत असतोच, पण उन्हाळ्यात ओल मिळाली की फोफावतो. पाणी कोण घालतं तिथे?"

"कुणी नाही," सिरीलो म्हणाला. "आता काही उपाय?"

"काही नाही. पाणी घाला, नका घालू, ते गेलंच."

तिला सांगायचंच, असं तो वाटभर घोकत आला. फेर्मिना दारातच गाढवावर घागरी बांधत होती. उन्हाने तिचा चेहरा रापला होता.

"काय म्हणाला साहेब?"

आईने मार खाऊन ज्याच्या फळांवर तुम्हाला जगवलं ते झाड तूच मारलंस, हे कुठल्या तोंडाने सांगणार? सिरीलोला स्वतःची चीड आली, आणि रडूही.

"त्यालाही नीट कळत नाही," तो म्हणाला.

"मला कळलंय. पाणी कमी पडतंय. माझीच चूक, आळस केला मी. आजपासून दोन घागरी जास्त नेऊ."

सिरीलोने विहिरीतून आणखी दोन घागरी भरल्या आणि तिच्या मागोमाग चालू लागला.