झाकणाला हात लावायचा नाही

अक्का भावाकडे जेवायला यायची ती स्वतःचा डबा घेऊन. यायचं, कोट खुंटीला अडकवायचा, पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "तुमचं चालू द्या. माझं माझ्याजवळ आहे." वीस वर्षं हेच चाललं होतं.

या डब्याचं मूळ भावाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात होतं. भावजय शहरातल्या बसची ड्रायव्हर. त्या दिवशी बस भर रस्त्यात बंद पडली, आणि ड्रायव्हरबाई घरी पोचल्या तेव्हा नणंद गार शेगडीसमोर हाताची घडी घालून बसलेली, नवरोबा शेजारच्या कोचावर घोरत पडलेले. अक्का काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चार शब्द इकडचे, चार तिकडचे, आणि विषय मिटला असता. पण पुढच्या खेपेपासून डबा सुरू झाला, आणि डब्याशी काही भांडता येत नाही.

बाईंच्या मनात हे कुसळ कायम होतं. ड्युटी अशी की घरात पाऊल टाकावं तेव्हा पोटात कावळे आणि हातापायांत शिसं. मग पाव, नाहीतर काल उरलेलं काहीतरी. नणंदेपुढे ते काय वाढणार? म्हणून त्यांनी विजेवर दिवसभर हळूहळू शिजवणारा स्लो कुकर घेतला. सकाळी भरायचा, बटण मंद आचेवर ठेवायचं आणि कामाला निघायचं. खाटीकदादांनी त्यात पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाड काप, करायला सांगितले.

"खांद्याकडचे घ्या, हाडासकट, चरबीची कड असलेले. कमरेकडचे नकोत, त्यांचा चोथा होतो. आशियाई पद्धतीनं करा की. सोया सॉस, आलं, लसूण, ब्राऊन शुगर, जरासं व्हिनेगर. तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल करायचे, भांड्यात टाकायचे, झाकण लावायचं आणि विसरून जायचं."

विसरून जाणं तेवढं त्या घरात जमण्यासारखं नव्हतं.

कारण नवरा घरीच. पुढच्या खोलीत त्याचं सोफे-खुर्च्या मढवण्याचं काम चाले, आणि बोटानं दाबून पाहिल्याशिवाय माणूस कशावर विश्वास ठेवत नसे. गादी दाबणार, उशी दाबणार, बाजारात टोमॅटो दाबून शिव्या खाणार. पहिल्यांदा चॉप केले तेव्हा बाई भुकेल्या घरी आल्या, ताटात घेतलं, सुरी चालवली, तर सुरीच मागे सरली.

नवरा म्हणाला, "याच्यानं एक स्टूल मढवून निघेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दाढीला सोया सॉस लागला होता.

"किती वेळा उघडलंत?"

"दोनदा."

"अहो."

"दोनदा सकाळी. मग दुपारी जरा सारखं सारखं."

"झाकण उघडलं की आतली सगळी वाफ जाते. परत तापेपर्यंत किती वेळ! शिजणार कसं?"

"मला वाटलं, बिघडलंय. शिट्टी नाही, बुडबुडा नाही, आवाज नाही. हे काही करतंय की नुसतं बसलंय, माणसानं ओळखायचं कसं?"

"तुम्हीही तसेच आहात. तुमचं झाकण मी कधी उघडून बघितलं?"

तो हसला, पण बाईंना हसू येईना. कारण त्या मोठ्या तोऱ्यात नणंदेला फोन करून बसल्या होत्या. "अक्का, गुरुवारी या. आणि या वेळी डबा आणू नका, मी करतेय." पलीकडून अक्का म्हणाली होती, "बघू."

गुरुवारी सकाळी चॉप तव्यावर लाल झाले, भांड्यात गेले, वरून सॉस पडला. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "तू बिनघोर जा. मी बोटसुद्धा लावत नाही. शप्पथ." त्याचा चेहरा प्रामाणिक होता. बाईंनी बोटांकडे पाहिलं. ती आत्ताच चुळबुळत होती.

त्यांनी वायर गुंडाळली, नवऱ्याच्याच सोफ्याच्या पट्ट्यानं झाकण करकचून बांधलं आणि कुकर काखोटीला मारून डेपो गाठला.

डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत चहाच्या किटलीशेजारी एक प्लग रिकामा होता. पण तिथंही भुकेली तोंडं कमी नव्हती. मग बाईंनी बिघडलेल्या बसच्या स्टिअरिंगला अडकवतात तो तांबडा बिल्ला आणून झाकणाला लटकवला. 'नादुरुस्त. हात लावू नये.' डेपोत देवाला न मानणारे पुष्कळ होते, पण त्या बिल्ल्याला न मानणारा एकही नव्हता.

दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे त्या आल्या तर चार ड्रायव्हर आणि फिटर कुकरभोवती हात मागे बांधून उभे.

फिटर म्हणाला, "ड्रायव्हरबाई, नादुरुस्त गाडीला इतका झकास वास आयुष्यात पहिल्यांदा येतोय. दुरुस्ती कधी करायची?"

"तुम्ही लांब राहा. तुम्ही दुरुस्त केलेलं काय चालतं ते मला माहीत आहे."

शेवटच्या फेरीला कुकर त्यांच्या सीटमागे जमिनीवर बसला. आता खरी परीक्षा. बाईंना त्या मार्गावरचे लोक धक्काबाई म्हणत. त्यांचा ब्रेक म्हणजे ब्रेक. थांबा आला की उभी माणसं आधीच दांडा धरत. पण आज झाकणाखाली गरम सॉस डुचमळत होता. बाईंनी वळणं अशी घेतली, जणू पाळणा हलवतायत. सिग्नलला बस कधी थांबली ते कुणाला कळलंच नाही. दांड्याला लटकलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"बाईंना बरं नाही वाटतं आज," मागून कुणीतरी म्हणालं.

उतरता उतरता एक म्हातारी त्यांच्याजवळ वाकली. "काय गं, गाडीत बाळंतीण आहे का कुणी?"

"तसंच समजा, आजी."

त्यांच्या गल्लीच्या नाक्यावर बदली ड्रायव्हर चढला आणि त्या उतरल्या. एक थेंब सांडला नव्हता.

घरात शिरल्या तर अक्का येऊन बसलेली. कोट खुंटीला. आणि टेबलावर, नेहमीच्या जागी, डबा.

बाईंचा जीव एवढासा झाला. तरी त्यांनी ओट्याशी जाऊन पट्टा सोडला, झाकण काढलं. आलं-लसणाची गोडसर वाफ घरभर पसरली. चॉप उचलायला गेल्या तर हाड हातात आणि मांस भांड्यात. रुंद उलथनं घालून अलगद काढावं लागलं. सॉस पातेलीत ओतला, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालून दाटसर केला, वर ओतला, पातीचा कांदा भुरभुरला. शेजारी भात.

"मी हात नाही लावला हं," नवरा म्हणाला.

"लावणार कशाला? घरात होतं काय!"

अक्काचा हात डब्याच्या कडीवर होता. ताट समोर आलं तसा तो तिथंच थांबला.

"हल्ली मला दातांनी तोडवत नाही."

"तोडायचं नाहीच, अक्का. चमच्यानं बघा."

अक्कानं चमचा टेकवला. मांस आपण होऊन बाजूला झालं. तिनं घास घेतला. मग दुसरा. मग डब्याच्या कडीवरचा हात उचलून तिनं भातात घातला. नवऱ्याला राहवेना.

"अक्का, कसं झालंय?"

"गप्प बस रे. जेवू दे."

हाड चोखून झालं, ताटातला सॉस बोटानं पुसून झाला. अक्का मागे टेकली आणि भावजयीकडे बघून म्हणाली, "वीस वर्षं लेट आलीस गं."

"रस्त्यात गर्दी होती, अक्का."

अक्का फसकन हसली. तिनं डबा उघडला. आत उकडलेले बटाटे आणि दोन अंडी. ते तिनं एका वाडग्यात उलटे केले.

"हे तू उद्या ड्युटीवर खा. आणि यात ते दोन चॉप घाल मला. सॉस हात आखडून घालू नकोस."

बाईंनी डबा भरला, झाकण दाबलं, कडी लावली. तेवढ्यात टेबलाच्या त्या बाजूनं एक हात हळूच डब्याकडे सरकू लागला, आत नीट बसलेत का तेवढं बघायला.

"हात!" दोघी एकदम ओरडल्या.