सहाव्या खंडाची जागा

पुस्तक हातात आलं की मेस्त्री आधी ते उघडत नसत. फणसाची फळी पारखावी तसं त्याच्या पाठीवर बोटाने ठकठक करत आणि विचारत, "पुरो आसा मां?"

पुरो म्हणजे अख्खा लेखक. त्याच्या कथा, कादंबऱ्या, पडलेली नाटकं, भाषणं, पत्रं, सगळं. सुटं पुस्तक त्यांच्या घरात येतच नसे. आलं तर समग्र वाङ्मय, पहिल्या खंडापासून शेवटच्यापर्यंत. "एका पुस्तकान माणूस कळणा नाय गो," ते मला सांगत. "पुरो वाच. मगे बोल."

असा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. आमच्या वाडीत तो होड्या बांधायचा. तरुणपणी काही वर्षं मुंबईत त्यांनी मोठ्या लोकांच्या घरी कपाटं बसवली. तिथेच त्यांनी हे एका रंगाचे, एका उंचीचे संच पहिल्यांदा पाहिले. "ती पुस्तका वाचूक नाय होती, भिंतीक होती," ते म्हणायचे. गावी परत आल्यावर त्यांनी होडीच्या उरलेल्या सागाचं कपाट केलं, वाळवी चढू नये म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आणि मग ते भरायला तीस वर्षं घेतली. सात लेखक. दिवसभर रंधा मारायचा, संध्याकाळी पडवीत बसून वाचायचं, तेही क्रमाने. काकी म्हणायच्या, "ह्येंनी माझ्याशी लगीन एकदाच केल्यानी, पुस्तकांशी दर चार वर्सांनी."

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा चळवळीतले. खाण नको, जेटी नको, वाळूउपसा नको. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. जे काही म्हणायचं ते एका पानात, ठळक, आणि शेवटी उद्गारचिन्ह, हे मला बाळकडूसारखं मिळालं.

मेस्त्रींच्या कपाटाला कुलूप असे. पुस्तक वाचायचं तर पडवीत बसून वाचायचं, घराबाहेर खंड जाणार नाही, हा नियम. मेस्त्रींनी काढून दिलेले खंड वाचत मी कित्येक सुट्ट्या त्या पडवीत काढल्या. पण कुडाळला कॉलेजात गेल्यावर मला तो नियम खुपू लागला. विसाव्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं, 'कुलपातली अक्षरं'. ज्ञानाची साठेबाजी करणारे, ग्रंथ दागिन्यांसारखे कोंडणारे, असं बरंच काही. नाव कुणाचंच घातलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते मी स्वतः वाटलं. आमच्या वाडीत समग्र ग्रंथ असलेलं घर एकच होतं, हे मासे विकणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं.

मेस्त्रींनी पत्रक दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरा लिवलंस. पण पुरा नाय."

मला वाटलं, म्हातारा चिडला. दुसऱ्या दिवशी गेले तर कपाटाची दारंच नव्हती. कुलूप काढून ते थांबले नव्हते, बिजागऱ्या उकलून दोन्ही दारं काढली होती आणि त्यांची पडवीत दोन बाकं केली होती. "आता घेवन जावा," ते वाडीला म्हणाले. माझ्याकडे बोट केलं, "चेडू सांगता ता खरा आसा."

मी जिंकले होते. किती आनंद झाला होता मला!

लोक पुस्तकं नेऊ लागले. मेस्त्री त्या खंडाच्या जाडीचा लाकडाचा ठोकळा कापत, त्यावर कानावरच्या पेन्सिलीने नेणाऱ्याचं नाव लिहीत आणि रिकाम्या जागेत बसवत. का, विचारलं तर बाजूच्या खंडाला हात लावून म्हणाले, "शेजारचो वाकतलो." खंड परत आला की ठोकळा निघे. पण खंड परत येईनात. एक गणपतीला आलेल्या पाहुण्याबरोबर मुंबईला गेला. एक ट्रॉलरवर गेला आणि फुगून परत आला. एक मी कुणाच्या फ्रीजच्या पायाखाली पाहिला. आपण चूक केली असं तेव्हाही मला वाटलं नाही. लोकांना सवय नाही, होईल, असं मी म्हणायचे. मेस्त्री कुणाकडे मागायला गेले नाहीत. खंड आता येत नाही असं मनाने घेतलं की ते ठोकळ्यावरचं नाव घासून काढत, त्याला पॉलिश करत आणि कायमचा बसवत. म्हणत, "आता ह्योच खंड."

मीही एक नेला. कोल्हापूरला शिकायला निघाले तेव्हा, सातव्या लेखकाचा सहावा खंड, पत्रांचा. हा लेखक मेस्त्रींनी म्हातारपणासाठी राखून ठेवला होता. नऊ खंड. त्यांचा तेव्हा दुसरा चालू होता. "माका सहाव्याक येवक वर्स लागतला," ते म्हणाले. "तवसर परत हाडून दी."

तो खंड मी एका मैत्रिणीला दिला. पुस्तक फिरतं राहिलं पाहिजे, हे माझं तत्त्व. तिने आणखी कुणाला दिला. तत्त्वाप्रमाणे तो फिरत गेला आणि दिसेनासा झाला.

पुढच्या वर्षी फोन आला. "बाय, पाचवो संपलो. सहावो खंय आसा?"

"आहे काका. पुढच्या खेपेला आणते."

मी रस्त्यावरची जुनी पुस्तकं धुंडाळली, दुकानांत विचारलं. सुटा खंड मिळत नाही, संच घ्या, तोही छापून संपलाय. सुटी पत्रं कुणाला हवी असतात? आणि दर खेपेला मी रिकाम्या हाताने गेले. विसरले, खोली बदलली, पेटीत तळाशी आहे. चार वर्षं.

शेवटच्या चतुर्थीला गेले तेव्हा ते पडवीत, आपल्याच कपाटाच्या दारावर निजलेले होते. छातीचा भाता झाला होता. उशाला पाचवा खंड. तो त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला घेतला होता.

"काका, सातवा वाचा ना तोवर," मी म्हटलं.

"मधली एक फळी नाय अशा होडयेत तू बसशीत?"

ते हसले, खोकले. "येतलो तो. माका घाई नाय."

सभेत हजार माणसांसमोर माझा आवाज कापत नाही. त्या पडवीत 'तो मी हरवला' एवढं मला म्हणता आलं नाही. 'आणते' म्हणाले आणि मोदक खाल्ला.

थंडीत ते गेले. मी पोहोचले तेव्हा चौथा दिवस होता. काकी मला कपाटाजवळ घेऊन गेल्या. खोलीच्या दाराच्या चौकटीशेजारच्या खुंटीला कपाटाची जुनी किल्ली अजून लटकत होती.

"ही इथे?"

"थंयच आसायची. कुलूप माणसांसाठी नाय होता गो. खाऱ्या वाऱ्यान दारा उघडतत, पाना फुगतत, म्हणान. ज्येका व्हया तो किल्ली काढी आणि वाची. तू कधी इचारलंस नाय."

आठ वर्षं ती पुस्तकं उघड्या वाऱ्यात होती. कागद ओले होऊन पिवळे पडले होते. निम्म्याहून जास्त जागा लाकडाच्या होत्या. ठोकळे गुळगुळीत, पॉलिश केलेले, नाव नसलेले. शेवटच्या खणात, पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये, एकच कोरं लाकूड होतं. त्यावर माझं नाव. पेन्सिल लाकडात पुसट होते, म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा गिरवलं होतं. अक्षरं खोल गेली होती, बोटाला लागत होती.

मी तो ठोकळा बाहेर काढला. सातवा खंड कलला.

"हाडलंस मां गो सहावो?" काकींनी विचारलं.

"नाही काकी. तो माझ्याकडे नाहीच. कधीचा नाही."

काकींनी माझ्या हातातून ठोकळा घेतला, पदराने पुसला, आणि सातवा खंड सरळ करून तो परत जागेवर सरकवला.

"ऱ्हवांदे थंय," त्या म्हणाल्या. "शेजारचो वाकतलो."